एनग्रिप थरमोजणी: यंगर ड्रायसच्या शेवटापासून वेद्दे राखेपर्यंत

बर्फाचे वार्षिक थर मोजण्याचा हा टप्पा ग्रीनलंडच्या एनग्रिप आइस कोअरमधल्या (खोल भोक पाडून काढलेल्या बर्फाच्या दांड्यातल्या) १४९२.४५ ते १५०६.१४ मीटर खोलीच्या तुकड्याचा. वरच्या टोकाला यंगर ड्रायस (हिमयुगाच्या शेवटचा थंड काळ) संपतो, जीआयसीसी०५ या ग्रीनलंडच्या थरमोजणीवरच्या कालमापनानुसार ११,७०३ बी-टू-के. खालच्या टोकाला आइसलंडच्या कातला ज्वालामुखीची वेद्दे राख, १२,१७१ बी-टू-के. हे आकडे सन २००० पासून मागे मोजलेले आहेत. रेडिओकार्बनचं 'बीपी' १९५० पासून मागे जातं, त्यामुळे तुलना करताना ५० वजा करायचे राहिले की उगाचच आपली मोजणी चुकल्यासारखी वाटते.

१३.६९ मीटरमध्ये ४६८ वर्षं. म्हणजे थर सरासरी २.९ सेंमीचा आणि ५५ सेंमीच्या एका बॅगेत (कोअरच्या कापलेल्या तुकड्यात) साधारण १९ थर. हा अंदाज फक्त ग्राफची रुंदी ठरवण्यापुरता वापरायचा. वयाचा रकाना फाइलमधून आधीच काढून टाका, नाहीतर १९ भरेपर्यंत डोळा थर शोधत राहतो.

कॅल्शियम, सोडियम, अमोनियम, वाहकता आणि लाइन स्कॅनचा (बर्फाच्या छायाचित्राचा) करडा पट्टा एकाखाली एक लावा. कॅल्शियमला लॉग स्केलच हवा. साध्या स्केलवर धुळीचं एखादं मोठं वर्ष शेजारची चार वर्षं सपाट करून टाकतं. पडद्यावर एक बॅग आणि दोन्ही बाजूंना १० सेंमी जादा ठेवा. सांध्यावरचा थर दोनदा मोजला जाणं किंवा दोन्हीकडून सुटणं, ही चूक सगळ्यांत जास्त तिथेच होते.

वर्षाचा क्रम असा: हिवाळ्याच्या शेवटी सोडियम, वसंतात धूळ आणि कॅल्शियम, उन्हाळ्यात अमोनियम. खाली जाताना हा क्रम उलटा वाचायचा. कॅल्शियमची दोन टोकं जवळजवळ आली, पण त्यांच्यामध्ये अमोनियमचं टोक नाही, तर बहुतेक ते एकाच वसंतातले धुळीचे दोन लोट असतात. स्कॅनमधले ढगाळ पट्टेही एका वर्षात दोन-तीन असू शकतात, म्हणून नुसत्या पट्ट्यांवर मोजलं की वर्षं हमखास वाढतात.

वाहकतेबाबत सावध राहायला हवं. थंड काळात धूळ इतकी असते की वितळलेल्या पाण्याची वाहकता कॅल्शियमच्याच मागे जाते. दोन्ही रेषा जुळल्या म्हणून दोन साक्षीदार मिळाले असं समजू नका, तो एकच साक्षीदार आहे. दुसरा सापळा आकड्यांचा. नोंदी १ मिमी अंतराने असल्या तरी खरं रिझोल्यूशन सेंटीमीटरभराचं असतं, कारण वितळवून नळीतून नेताना पाणी मिसळतं. मिलिमीटरभराचा खड्डा म्हणजे हिवाळा नव्हे. ऑक्सिजन समस्थानिकं इथे वार्षिक मोजणीला कामाची नाहीत. फर्नमधल्या (पूर्ण बर्फ न झालेल्या जुन्या हिमातल्या) विसरणाने त्यांचा ऋतुबदल केव्हाच पुसला आहे.

आता संशयित थर. पक्का थर १, संशयित थर ०.५ ± ०.५. समजा, एका बॅगेत १७ पक्के आणि ४ संशयित आले, तर नोंद १९ ± २. संशयिताला लगेच हो किंवा नाही म्हणून मोकळं होण्याचा मोह आवरा. तो कुठल्या खोलीवर आहे आणि शंका का आली, हे एका ओळीत लिहा. जीआयसीसी०५ मध्ये कमाल मोजणी-त्रुटी वरच्या टोकाला ९९ आणि वेद्देपाशी ११४ वर्षं आहे. फरक १५, संशयित थरामागे ०.५, म्हणजे या तुकड्यात मुरलेल्या लोकांनीसुद्धा ३० थर संशयित ठेवले आहेत. आपल्या वहीत पाचच निघाले, तर मोजणी उत्तम झाली असं नाही. बहुधा शंका गिळल्या गेल्या आहेत.

दुसरी फेरी खालून वर करा, पहिल्या खुणा झाकून. दोन फेऱ्या जिथे जुळत नाहीत, तेवढ्याच जागा तिसऱ्यांदा पाहायच्या. बर्फाला तडा गेलेल्या ठिकाणी विदा नसेल, तर शेजारच्या दहा थरांच्या सरासरीने वर्षं भरा आणि ती संशयितांत धरा.

पुढचा टप्पा १५०६.१४ ते १५२६.५२ मीटर, यंगर ड्रायसच्या सुरुवातीपर्यंत: २०.३८ मीटर, ७२५ वर्षं, थर सरासरी २.८ सेंमी. तिथे त्रुटी ११४ वरून १३८ वर जाते, म्हणजे संशयितांच्या ४८ ओळींची जागा वहीत आधीच आखून ठेवा.