फील्डवर्कचा प्रश्न क्रमांक काय?

बी.एस्सी. भूशास्त्राच्या नव्या अभ्यासक्रमाची उद्दिष्टं लिहायचं काम विभागात माझ्या गळ्यात पडलं. महाविद्यालय स्वायत्त, अभ्यास मंडळ आपलंच, आणि नव्या शैक्षणिक धोरणामुळे सगळे पेपर मुळापासून बांधायचे होते. काम झालं, मंजूरही झालं. पण उद्दिष्टं साध्य झाली का ते मोजणाऱ्या एक्सेलच्या तक्त्यावरचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितेय. कुठल्या तरी विभागात कुणीतरी आत्ता त्याच तक्त्यासमोर बसलेलं असणार.

सुरुवात सोपी गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक सूचना वाचल्या आणि माजी विद्यार्थ्यांना फोन लावले. कुणी भूजल सर्वेक्षणात, कुणी बोगद्याच्या कामावर, कुणी खाणीत. सगळ्यांचं म्हणणं जवळपास एकच: खनिजांचे गुणधर्म पुस्तकात सापडतात, पण टोपोशीट (डोंगर-दऱ्यांचे चढउतार दाखवणारा नकाशा) उघडून ‘मी आत्ता इथे उभा आहे’ असं बोट ठेवता आलं पाहिजे, आणि आपली फील्डची वही दुसऱ्याला वाचता आली पाहिजे. त्यामुळे क्षेत्रकार्याचं उद्दिष्ट सगळ्यात वर लिहिलं: घाटातल्या रस्त्याच्या कटिंगमध्ये बेसॉल्टचे वेगवेगळे लाव्हाप्रवाह ओळखणे, त्यांच्या सीमा १:५०,००० च्या टोपोशीटवर दाखवणे आणि छेद (जमीन उभी कापली तर थर कसे दिसतील ते चित्र) काढणे.

वाचायला साधं वाटतं. कटिंगसमोर उभं राहिलं की विद्यार्थ्याला घाम फुटतो. मधला घट्ट, काळा भाग कुठे संपतो, वरचा पोकळ्यांचा आणि झिओलाइट खनिजांनी भरलेला भाग कुठे सुरू होतो, तो लाल मातकट थर खरंच रेड बोल (दोन प्रवाहांमधला लाल थर) आहे की नुसती घसरून आलेली माती, हे सगळं तिथल्या तिथे ठरवायचं असतं. तळाशी नळीसारख्या पोकळ्या दिसल्या की प्रवाहाचा पाया सापडल्याचा आनंद होतो. सह्याद्रीत शिकणाऱ्या मुलाला हे येत नसेल तर पदवी कशाची द्यायची?

तक्त्याला मात्र यातलं काही कळत नाही. प्रत्येक उद्दिष्टापुढे परीक्षेतला प्रश्न क्रमांक आणि त्याचे गुण टाकायचे, ठरलेल्या टक्केवारीच्या वर किती विद्यार्थी गेले ते तक्ता मोजणार आणि उद्दिष्ट ‘साध्य’ झालं का ते सांगणार. क्षेत्रकार्याला प्रश्नपत्रिका नाही. रकाना रिकामा राहिला की साध्यता शून्य, आणि अख्खी ओळ लाल.

गुणवत्ता कक्षाचे समन्वयक रसायनशास्त्राचे. माणूस सज्जन, पण त्यांची प्रयोगशाळा चार भिंतींच्या आत.

“मॅडम, प्रश्न क्रमांक टाका ना.”

“सर, प्रश्नपत्रिका नाहीये. घाट आहे.”

“मग उद्दिष्ट बदला. ‘क्षेत्रकार्याचे महत्त्व स्पष्ट करणे’ असं लिहा. लेखी परीक्षेत पाच मार्कांना विचारा.”

म्हणजे ज्याने आयुष्यात क्लिनोमीटर (थरांचा उतार मोजायचं साधन) हातात धरला नाही त्याने क्षेत्रकार्याचं महत्त्व सुवाच्य अक्षरात लिहावं, आणि आमची ओळ हिरवी व्हावी! मी नाही म्हटलं. फाइल परीक्षा विभागाकडे गेली. तिथून शेरा आला: गुणांचा पुरावा जोडा. पुरावा जोडला तर तासांचा प्रश्न निघाला. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास, ते वेळापत्रकात दर आठवड्याला दोन-दोन तासांनी दिसले पाहिजेत म्हणे. सकाळी उजाडल्यापासून डोंगरात आणि रात्री मुक्कामी नकाशावर प्लॉटिंग, हे मंगळवारच्या दोन तासांत कसं बसवायचं? फाइल पुन्हा कक्षाकडे. सर रजेवर. सर आले तर लिपिक प्रशिक्षणाला. मधल्या काळात अभ्यास मंडळाची बैठक तोंडावर आली होती आणि प्राचार्यांचे फोन मला येत होते.

शेवटी तक्त्याला हवं ते त्याच्याच भाषेत दिलं. मूल्यमापनाचे चार भाग पाडले: टोपोशीटवर स्वतःची जागा दाखवणे, प्रवाहांच्या सीमा, छेद, आणि वही. प्रत्येकाचे गुण कशाला किती ते आधी लिहून विद्यार्थ्यांना दिलं. मग या चार भागांना नाव दिलं प्रश्न १ अ, आ, इ, ई. पुरावा म्हणून वहीच्या पानांचे स्कॅन, ज्यांवर त्याच दिवशी, त्याच जागी शिक्षकाची सही आहे. तासांसाठी सहलीचा दिवसवार आराखडा, संध्याकाळच्या प्लॉटिंगसकट. ओळ हिरवी झाली. उद्दिष्टातला एक शब्दही हलला नाही, याचा मला अजून आनंद आहे.

हो, सांगायचं राहिलं. ‘स्ट्राइक आणि डिप मोजणे’, म्हणजे तिरक्या थरांची दिशा आणि उतार मोजणे, हे उद्दिष्ट बाहेरच्या नमुन्यातून जसंच्या तसं उचलू नका. आपल्याकडचे लाव्हाप्रवाह जवळजवळ आडवे, क्लिनोमीटर लावून मुलं काय मोजणार? आम्ही त्यासाठी बागलकोटकडचे कलादगी खडक ठरवले. तिथले जुने थर वळ्या पडलेले, तिरके, आणि त्यांच्यावरचे बदामीचे वालुकाश्म बरेचसे आडवे. विसंगती, म्हणजे जुन्या तिरक्या थरांवर नवे थर बसलेली सीमा, तीही त्याच सहलीत शिकवून होते. पण जागेचं नाव उद्दिष्टात घालू नका, सहलीच्या आराखड्यात घाला. एखाद्या वर्षी निधी आला नाही तर उद्दिष्टच नापास होतं.

भूस्खलनाच्या उद्दिष्टावर कुणी चकार शब्द काढला नाही. माळीण २०१४, तळिये २०२१, एवढं लिहिलं आणि पुढच्या मुद्द्याकडे गेलो.

उद्दिष्टं पेपरमागे पाचच ठेवा; सहावं लिहिलं की वर्षानुवर्षं त्याचा रकाना तुम्हीच भरणार. आणि उद्दिष्टं पदवीच्या ध्येयांशी किती जुळतात ते १ ते ३ मध्ये सांगणाऱ्या जुळणीच्या तक्त्यात सगळीकडे ३ टाकायचा मोह आवरा, प्रत्येक ३ चं समर्थन मागतात.

आता वनस्पतीशास्त्र आणि भूगोलवाले आमचा तक्ता मागायला येतात. देते, पण ‘प्रश्न १ अ’ हे नाव बदलू नका असं बजावून. परीक्षा विभागाला तेवढंच ओळखीचं आहे.