कंट्रोल माझा की गोळीचा: तुम्ही विचारलंत म्हणून

"गोळीमुळे येतो तो कंट्रोल तुझा कसा म्हणायचा?" हा प्रश्न मला इतक्या लोकांनी इतक्या तऱ्हेने विचारलाय की आता समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच कळतं. मी एडीएचडीची गोळी घेते, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि स्वतःला आवरणं जड जातं, त्या त्रासावरची. काही काळजीने विचारतात, काही टोमणा म्हणून, आणि काहींना स्वतःलाच घ्यायची की नाही ते ठरवायचं असतं पण तसं म्हणवत नाही. खरं तर या शेवटच्यांसाठीच लिहितेय, बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल. एडीएचडी असं खरंच काही असतं का, मग लहानपणी कसं नाही कळलं, ध्यान करून बघितलंस का, हे सगळं आपलं बोलून झालेलं आहे, परत नको.

आधी मी जे उत्तर द्यायचे ते मला आता पटत नाही, ते पहिलं निकालात काढते. मी म्हणायचे, अहो चष्मा लावणाऱ्याला कुणी विचारतं का की हे बघणं तुझं की काचेचं? समोरचा गप्प व्हायचा आणि मी खूश. पण चष्मा लावला म्हणून काय बघावंसं वाटतं ते बदलत नाही ना, आणि गोळीने नेमकं तेच बदलतं. जो फॉर्म आठवडाभर माझ्याने उघडवत नाही तो सकाळी गोळी घेतल्यावर तासाभरात उघडावासा वाटतो, स्वतःला शिव्या देऊन खुर्चीत बसवावं लागत नाही. २०२० साली 'सायन्स'मध्ये एक अभ्यास आला होता, त्यात निरोगी तरुण माणसांना मेथिलफेनिडेट दिलं (माझी गोळीही तीच), तर ते डोक्याला ताण देणारं काम अंगावर घ्यायला जास्त तयार झाले, कारण कामाच्या कष्टापेक्षा त्यातून काय मिळेल ते त्यांना जास्त जाणवायला लागलं, आणि ज्यांच्या मेंदूत मुळात डोपामिन (काही करावंसं वाटण्यामागचं एक रसायन) कमी बनतं त्यांच्यात हा फरक जास्त दिसला. म्हणजे गोळी अंगात बळ घालत नाही, ती आतला हिशोब बदलते. आता हिशोबच बदलत असेल तर "मी तीच आहे हो" हे कुठल्या तोंडाने सांगू?

तरी सांगते. कारण तुम्ही बाहेरून ज्याला कंट्रोल म्हणता तो आतून तसा नसतोच. गोळीशिवाय मला वाक्य तोंडातून गेल्यावर कळतं की आपण बोललो. समोरच्याचा चेहरा पडला की मागे वळून बघायचं, काय म्हणाले मी? गोळीवर असताना मध्ये जरा जागा मिळते, जेमतेम एका श्वासाएवढी, आणि त्या जागेत काय करायचं ते गोळी सांगत नाही. मी त्या जागेत उभं राहून, शब्द नीट निवडून, लोकांना लागेल असं बोललेली आहे. पूर्वी चुकून लागायचं, आता नेम धरून. ते काय गोळीने बोललं का? नाही, ते शंभर टक्के माझं.

इथपर्यंत मला सगळं नीट सांगता यायचं. मग आईच्या घरी ती संध्याकाळ झाली.

दादाने सगळ्यांसमोर सांगून टाकलं की पुढच्या महिन्यापासून आई त्यांच्याकडे राहील आणि हे घर भाड्याने द्यायचं. विचारलं नाही, सांगितलं. आईचं सगळं मी बघत होते, तिची औषधं, तिचे रिपोर्ट, रात्रीबेरात्रीचे फोन, आणि मला हे मावशीच्या बरोबरीने कळत होतं. आई मान खाली घालून बसलेली, म्हणजे तिलाही धड विचारलं नसणार. मी म्हटलं दादा, तू हे कुणाशी बोलून ठरवलंस? तो म्हणाला त्यात काय बोलायचंय. मग माझा आवाज चढला, चढलाच, मी नाकारत नाहीये, पण एकही शब्द वाकडा बोलले नव्हते, मी एवढंच विचारत होते की आईला तिकडे जायचंय का, हे तिला कुणी विचारलं का. दादाने उत्तर दिलं नाही. ताप आहे का बघावा तशा आवाजात, अगदी शांतपणे त्याने विचारलं, "आज गोळी घेतली होतीस का?"

संपलं. खोलीतलं सगळं वातावरण एका क्षणात बदललं. मावशीच्या तोंडावर सरळ दिसलं, हां, म्हणून होय. वहिनी मोबाईल बघायला लागली. माझा प्रश्न जो हवेत होता तो गेलाच कुठेतरी, आता सगळ्यांसमोर एकच प्रश्न, हिने घेतली होती का नव्हती.

पण मला राहून राहून लागतं ते यापुढचं. मी उठले आणि आत जाऊन बघितलं. घेतली की नाही हे मला आठवत नाही म्हणून मी पट्टीच्या मागे पेनाने वार लिहून ठेवते, तर पर्समधून पट्टी काढली, 'गुरु' लिहिलेल्या जागेचं फॉइल फाटलेलं होतं, गोळी नव्हती. म्हणजे घेतली होती. मग तास मोजले. सकाळी आठला घेतलेली, दिवसभर चालणारी, आता सात वाजून गेलेत, म्हणजे उतरत असणार, आणि उतरताना चिडचिड होते हे मला डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं. आतल्या खोलीत हातात पट्टी धरून मी ठरवत होते की माझा राग खरा आहे की नाही! स्वतःच्या रागाची पावती शोधत होते मी. आणि बाहेर येऊन काय म्हटलं, तर "घेतली होती, पण उतरली असेल, सॉरी." कशाचं सॉरी? मुद्दा माझा बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, गोळी पूर्ण चढलेली असताना, राग होता तिथेच होता, फक्त आता तो एका जागी बसून होता. मी मुद्दे लिहून काढले, आईच्या डॉक्टरांच्या तारखा, तिच्या शेजारच्या मैत्रिणी, तिचं म्हणणं, सगळं, आणि दादाला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "आज बरी वाटतेयस."

कळतंय का काय झालं? गोळी उतरल्यावर चिडले तर तो आजार, गोळीवर असताना चिडले तर ते औषध छान लागू पडतंय. मला काय म्हणायचंय त्याचं उत्तर दोन्हीकडून द्यायला नको.

तुम्ही म्हणाल त्याच्या मनात वाईट नव्हतं. नव्हतंच. माझे अर्धवट सोडलेले उद्योग वर्षानुवर्षं त्यानेच निस्तरलेत, मी हातातलं भिरकावलेलं त्याने बघितलंय. आणि खरं सांगायचं तर अशाही संध्याकाळी असतात जेव्हा तो प्रश्न बरोबर असतो, मी जागेवर न ठेवलेल्या टॉवेलवरून घर डोक्यावर घेते आणि सकाळी त्यातलं काहीही उरलेलं नसतं. म्हणून मी मध्यंतरी स्वतःपुरता नियम केला होता की सकाळपर्यंत टिकला तो राग खरा. बरेच दिवस पाळला. मग वाटलं, म्हणजे सकाळची मी न्यायाधीश आणि संध्याकाळची मी आरोपी, हे ठरवलं कुणी? सकाळचीनेच ना? आईची खाली घातलेली मान संध्याकाळचीने आधी पाहिली होती.

नंतर एक स्वीडनचा अभ्यास वाचला, २०१२ चा, 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधला. एडीएचडी असलेल्या २५ हजारांहून जास्त लोकांच्या सरकारी नोंदी घेऊन त्याच माणसांचे औषध चालू असतानाचे आणि नसतानाचे काळ त्यांनी ताडून बघितले, तर औषध चालू असताना गुन्ह्यांचं प्रमाण पुरुषांत ३२ टक्के आणि स्त्रियांत ४१ टक्के कमी. नोंदींवरून काढलेलं आहे, त्यामुळे सगळं गोळीनेच झालं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण आकडा लहान नाही. पहिल्यांदा वाटलं दादाला पाठवावं. मग वाटलं नको, तो म्हणेल बघ, मी सांगत नव्हतो!

आणि मला स्वतःला काय वाटलं ते जरा अवघड आहे. "स्वतःला आवर जरा" हे ऐकत मी मोठी झाले आणि आपण मुळातच वाईट आहोत हे मनाशी धरून बसले, आता जर एवढ्याशा गोळीने आवरता येत असेल तर मागचं सगळं माफ व्हायला हवं. पण मग आता जे आवरतं त्याचं श्रेयही गोळीलाच जाणार. मागचं पाप आजाराचं आणि आताचं पुण्य माझं, असा हिशोब मला हवाय. तो बसत नाही हे मलाही कळतं. तरी हवाय.

ज्यांना ठरवायचंय त्यांना सांगण्यासारखं थोडंच आहे. भूक मरते, झोप उडू शकते, सगळ्यांना सारखी लागू पडत नाही आणि योग्य डोस सापडायला वेळ जातो, डॉक्टरांना संध्याकाळचंही सांगा, नुसतं ऑफिसचं नको. माझ्या डॉक्टरांनी दुपारनंतर एक छोटा डोस जोडून दिला, तीन-चार तास चालणारा, त्याने उतरण बरीच सौम्य झाली. तुमच्यासाठी तेच योग्य असेल असं नाही.

दादाला मात्र मी सांगितलं की हा प्रश्न चारचौघात विचारायचा नाही. तो म्हणाला, मग मला खरंच काळजी वाटली तर मी काय करू? प्रश्न रास्त होता, मला पटकन उत्तर सुचलं नाही. शेवटी म्हटलं, आधी मी जे विचारलंय त्याचं उत्तर दे, मग गोळीचं विचार, त्याच क्रमाने. तो बरं म्हणाला. तेव्हापासून त्याने गोळीचं विचारलेलं नाही, कारण आईच्या घराचं उत्तर अजून द्यायचंय त्याला.