लाल इकडे, हिरवा तिकडे

आज दिवसभर अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळे लावून बसले होते. मान पार आखडलीय. स्लाइड एका लहान मुलाच्या गाठीची. रॅब्डोमायोसार्कोमा, म्हणजे स्नायू होता होता वाट चुकलेल्या पेशींचा कॅन्सर.

फॉक्सओ१ हे जनुक १३व्या गुणसूत्रावर असतं. त्याच्या एका बाजूला लाल रंग चिकटवायचा, दुसऱ्या बाजूला हिरवा. जनुक धड असेल तर दोन्ही ठिपके एकात एक मिसळून पिवळे दिसतात. तुटलं असेल तर फारकत. तुटलेला तुकडा बहुतेकदा २ऱ्या गुणसूत्रावरच्या पॅक्स३ या दुसऱ्या जनुकाला जाऊन जुळतो आणि त्या जोडीचं प्रथिन पेशीला धड स्नायू होऊच देत नाही. ही जोडी १९९३ मध्येच सापडलीय. तिलाच नेमकं रोखणारं औषध अजून हातात नाही, याची खरंच चीड येते.

पहिल्या काही पेशी बघताना मनात घोकत होते, पिवळे निघू देत. तसं असेल तर मूल बरं होण्याची शक्यता साधारणपणे जास्त. (मोजणाऱ्याने असलं काही मनात धरायचं नसतं, माहीत आहे.)

लाल इकडे, हिरवा तिकडे. पुढच्या पेशीतही तेच. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

रिपोर्ट लिहून झाला, तरी खोलीतला दिवा लावायला बराच वेळ उठलेच नाही.