तिसऱ्या पोर्टखालचा फेस

सापडलं! माझी स्विफ्ट पीयूसीत (प्रदूषण तपासणीत) का नापास होते त्याचं मूळ सापडलं. तिसऱ्या सिलिंडरच्या पोर्टखाली, हेडरच्या (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या पाइपांच्या) फ्लँजच्या, म्हणजे इंजिनाला टेकणाऱ्या पट्टीच्या, अगदी खालच्या कडेला. दीड महिना जिने झोप उडवली ती फट फिलर गेजच्या (फट मोजायच्या साधनाच्या) ०.२५ मिमीच्या पात्याएवढी निघाली.

गाडी अशी: २०१४ची स्विफ्ट, के-१२ इंजिन, ४-२-१ हेडर (चार पाइपांचे दोन, दोनाचा एक), मागे रुंद तोंडाचा सायलेन्सर, बाकी इंजिन कंपनीचं. कॅट (धुरातले विषारी वायू जाळणारा कन्व्हर्टर) काढलेला नाही आणि काढणारही नाही. हेडर बसल्यापासून पीयूसीत तीनदा नापास. तिसऱ्या वेळचे आकडे असे: सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.९२ टक्के, एचसी (न जळलेलं इंधन) २४० पीपीएम, सीओटू १२.४ टक्के, ऑक्सिजन २.६ टक्के, लॅम्डा १.०९ (१ म्हणजे हवा-इंधन बरोबर, १ च्या वर म्हणजे हवा जास्त). बीएस-४ गाडीला आयडलवर (रेस न देता) सीओ ०.३ टक्के आणि एचसी २०० पीपीएमच्या आत लागतं. २५०० आरपीएमला सीओ ०.२ आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३.

पीयूसीवाले काका म्हणाले, "भाऊ, गाडी रिच चालून राह्यली, ट्यूनिंग करून आणा." रिच म्हणजे इंधन जास्त, आणि सीओ बघितला तर त्यांचं बरोबर. पण लॅम्डा म्हणतोय लीन, म्हणजे हवा जास्त. एकाच कागदावर दोन्ही कसं? इथेच मी अडकलो होतो.

पहिला संशय प्रोबवर, म्हणजे सायलेन्सरमध्ये घालायच्या तपासणीच्या नळीवर. नळी किमान ३०० मिमी आत जायला हवी. माझ्या सायलेन्सरला आत बाक आहे, त्यामुळे ती अर्ध्यावर अडायची आणि बाहेरची हवा मिसळायची. तोंडाला फुटभर सरळ पाइप लावून प्रोब पूर्ण आत घातला. ऑक्सिजन थोडा उतरला, सीओ उलट वाढला. म्हणजे खरा आकडा आणखी वाईट होता.

दुसरा संशय ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलवर. हल्ली काहीही बिघडलं की आपण सगळेच त्याच्यावर ढकलतो, पण इथे हिशेब जमत नव्हता. साध्या पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई-२०ला साधारण १३.५. म्हणून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आठेक टक्के इंधन जास्त सोडतो आणि ते योग्यच आहे. त्याने सीओ वाढत नाही. तिसरा संशय पुढच्या, म्हणजे कॅटच्या आधीच्या, ऑक्सिजन सेन्सरवर. नवा डेन्सोचा आणून बसवला, फरक शून्य. पैसे गेले, तरी सांगतो, सेन्सर घ्याल तर तोच घ्या. वायर जोडून बसवायचे स्वस्त युनिव्हर्सल सेन्सर मी दोनदा वापरलेत, दोन्ही वर्षभरात आळशी झाले.

मग ईएलएमची निळी डबी (ईसीयूचे आकडे फोनवर दाखवणारी) लावून शांतपणे ट्रिम, म्हणजे ईसीयू इंधन किती टक्के वाढवतो-घटवतो ते, बघत बसलो. हे खरं तर आधी करायला हवं होतं. आयडलला लाँग टर्म ट्रिम अधिक १९, २५०० आरपीएमला अधिक ७. आयडलला जास्त आणि रेस दिली की कमी, ही खूण आपण सगळे व्हॅक्यूम लीकची (इनटेकमधून, म्हणजे हवा आत घेणाऱ्या बाजूने, जादा हवा शिरण्याची) म्हणून ओळखतो. मीही इनटेकच्या सगळ्या नळ्यांवर कार्ब क्लीनर मारून पाहिला. इंजिनाने दखलही घेतली नाही, म्हणजे तिथे फट नव्हती.

आणि त्या रात्री जेवताना डोक्यात आलं. इनटेकमधून हवा शिरली तर ती इंजिनात जळते. ईसीयू तिच्या मापाने इंधन वाढवतो, हिशेब जुळतो आणि सीओ ताळ्यावर राहतो. पण सेन्सरच्या आधी एक्झॉस्टमधून हवा शिरली, तर ती इंजिनाने कधी पाहिलेलीच नसते. सेन्सरला वाटतं लीन, ईसीयू त्या खोट्या हवेसाठी इंधन ओततो आणि इंजिन खरोखर रिच होतं. दोन्हींत ट्रिम सारखीच दिसते, फरक फक्त सीओमध्ये. ताट तसंच ठेवून अंगणात गेलो आणि प्लग काढले. चारही काजळीने काळेभोर.

एक्झॉस्टमध्ये दाब असतो, मग हवा बाहेर यायची सोडून आत कशी जाईल, असं कोणी विचारेल. दाब सलग नसतो. प्रत्येक ठोक्यामागून कमी दाबाची लाट येते आणि आयडलला दोन ठोक्यांत अंतर जास्त असल्याने फटीतून हवा ओढली जाते. रेस दिली की ठोके जवळ येतात, वायू वाढतो आणि ओढ कमी होते.

सकाळी सहाला सुरुवात केली, कारण जळगावच्या मे महिन्यात नऊनंतर बॉनेटला हात लावायची सोय नाही. व्हॅक्यूम क्लीनरची नळी फुंकायच्या बाजूला लावली, सायलेन्सरच्या तोंडात घालून ओल्या फडक्याने गच्च आवळली. थंड हेडरवर ब्रशने साबणाचं पाणी. पहिला पोर्ट कोरडा, दुसरा कोरडा. तिसऱ्याखाली आरसा धरला तर बारीक, पांढरा, संथ फेस फुगत होता. जिऱ्याएवढे बुडबुडे, एकामागून एक. मी पाच मिनिटं नुसता बघत बसलो. फार फार आनंद झाला.

हेडर उतरवला. ज्यांच्याकडून बनवून घेतला त्यांनी फ्लँजला ६ मिमीची पट्टी वापरली होती आणि वेल्डिंगनंतर फेसिंगच (लेथवर सपाट करणं) मारलं नव्हतं. काचेवर ठेवली की डुलायची. हेडर बनवून घेणाऱ्यांनी १० मिमीच्या खाली येऊ नका आणि फेसिंग वेल्डिंगनंतरच करून घ्या. एमआयडीसीत एका टर्नरभाऊंनी अर्ध्या तासात ती सपाट करून दिली. त्यांनी निळा रंग लावून काचेवर घासून दाखवली, चारही पोर्टांभोवती निळाई सलग उमटली. पॅकिंग नवं, मल्टिलेयर, नट मधून बाहेर असे टॉर्क पान्याने आवळले.

ट्रिम आता आयडलला अधिक ७, २५०० ला अधिक ६. म्हणजे फक्त ई-२०.

खुशीत पीयूसीला गेलो. पुढे रिक्षांची रांग, पंचवीस मिनिटं गाडी नुसती आयडलवर. निकाल: सीओ ०.३४, लॅम्डा १.०१. पुन्हा नापास, चारशतांशाने! पण मिश्रण तर दुरुस्त होतं. दुरुस्त मिश्रणातही इंजिनातून अर्धा-पाऊण टक्का सीओ निघतोच, तो जाळायचं काम कॅटचं. तेव्हा उलगडलं की पहिल्या कागदावरसुद्धा ही दुसरी खूण होती: सीओ होता, जाळायला ऑक्सिजन होता, तरी जळत नव्हतं. कॅट झोपलेला होता. हेडरमुळे तो इंजिनापासून दीड फूट लांब गेलाय आणि आयडलवर थंड पडतो.

कॅटच्या दोन्ही टोकांना उष्णता सोसणारा काळा रंग लावला (चकचकीत स्टीलवर तापमान मोजायची इन्फ्रारेड गन कमी दाखवते) आणि मोजलं. बराच वेळ आयडलवर ठेवल्यावर आत येताना १९०, बाहेर पडताना १६० अंश. नशिराबादपर्यंत हायवेने जाऊन आल्यावर ३१० आणि ३४५. बाहेरचं टोक जास्त तापलं, म्हणजे आत काम चालू आहे, कॅट जिवंत आहे!

आज तसाच नशिराबादहून थेट आलो, काकांनी लगेच प्रोब घातला. सीओ ०.०६, एचसी ४८. पास. त्यांनी कागद हातात दिला आणि म्हणाले, "आता झाली ना भो!" वर्षभराची निश्चिंती.

पण गावात, सिग्नलवर, बाजारात गाडी सीओ सोडतच राहणार, हे मला नको आहे. नवा २०० सेलचा (चौरस इंचाला २०० छिद्रांचा) कॅट मागवायचं ठरलं होतं. त्याआधी हेडरला हीट रॅप (उष्णता धरून ठेवणारी पट्टी) गुंडाळायचा विचार होता, पण हेडर माइल्ड स्टीलचा आहे, रॅपखाली ओल धरली की सडेल. आणि हे लिहिता लिहिता सुचतंय, कॅट बदलायचाच कशाला? दोनातून एक होणारे पाइप नऊ इंच कापून जुनाच कॅट वर घेता येईल. पुढचा सेन्सर कलेक्टरमध्येच (पाइप एकत्र येतात तिथे) राहील. मधल्या आरपीएमचा थोडा जोर जाईल, चालेल. पुढच्या रविवारी पाइप कापतो. मग अर्धा तास आयडलवर ठेवून त्याच दोन काळ्या ठिपक्यांवर पुन्हा मोजतो. कोणी के-१२ वर कॅट किती इंचांवर ठेवलाय ते मोजलं असेल तर कापण्याआधी सांगा.