मुखपृष्ठ एकाच जागी असावे

अहवाल तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करणारी मंडळी मला एक प्रश्न वरचेवर विचारतात : "आमच्याकडे पुष्कळ अहवाल आहेत आणि प्रत्येकाला मुखपृष्ठ हवे आहे. ते दर वेळी नव्याने न मांडता सगळ्यांना कसे जोडावे?" तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

पान सजवायला घेण्याआधी एक गोष्ट तपासावी : आपले सॉफ्टवेअर ते पान अहवालात नक्कल करून ठेवते, की दर वेळी मूळ जागेवरून आणते? वर्डमध्ये मुखपृष्ठांच्या नमुन्यांची गॅलरी असते आणि आपण बनवलेले पानही तिच्यात जतन करता येते. सोय चांगली आहे, पण दस्तऐवजात उतरते ती त्या पानाची नक्कल; पुढे बोधचिन्ह बदलले आणि गॅलरीतला नमुना दुरुस्त केला, तरी आधीचे दस्तऐवज होते तसेच राहतात. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर रिपोर्टिंग सर्व्हिसेस या अहवाल-सॉफ्टवेअरमध्ये 2008 आर2 या आवृत्तीपासून 'रिपोर्ट पार्ट्स', म्हणजे अनेक अहवालांत पुन्हा वापरता येणारे तयार भाग, आले, तेव्हा हा प्रश्न कायमचा सुटला असे अनेकांना वाटले. प्रत्यक्षात तिथेही अहवालात बसत असे ती नक्कलच. मूळ भाग बदलला की रिपोर्ट बिल्डर या अहवाल मांडण्याच्या साधनात अहवाल उघडणाऱ्याला तशी सूचना मिळे आणि त्याने ती स्वीकारली तरच बदल उतरे. 2019 च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ही सोय कालबाह्य ठरवली.

म्हणून मी नेहमी सबरिपोर्टच, म्हणजे अहवालाच्या आत बसणारा दुसरा अहवालच, सुचवते. मुखपृष्ठ हा स्वतंत्र, छोटा अहवाल करावा आणि तो कुठे ठेवला आहे, एवढेच मुख्य अहवालात दाखवावे. अहवाल चालवला जातो तेव्हा ते पान मूळ जागेवरून आणले जाते, त्यामुळे एका ठिकाणी केलेली दुरुस्ती पुढच्या वेळी सर्वत्र दिसते. क्रिस्टल रिपोर्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये हा सबरिपोर्ट रिपोर्ट हेडरमध्ये, म्हणजे अहवालाच्या सुरुवातीच्या भागात, ठेवून सेक्शन एक्स्पर्टमधून 'न्यू पेज आफ्टर' चालू करावे; तिथे मात्र सबरिपोर्टचीही नक्कलच मुख्य अहवालात साठवली जाते, म्हणून 'री-इम्पोर्ट व्हेन ओपनिंग' हेही चालू ठेवावे, म्हणजे अहवाल उघडताना मूळ फाइल पुन्हा आणली जाते. रिपोर्टिंग सर्व्हिसेसमध्ये तो बॉडीच्या (मुख्य मजकुराच्या भागाच्या) सुरुवातीला एका रेक्टँगलमध्ये, म्हणजे चौकटीत, ठेवून त्या रेक्टँगलच्या शेवटी पेज ब्रेक द्यावा. जॅस्पररिपोर्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये त्याची जागा टायटल बँडमध्ये (शीर्षकाच्या पट्ट्यात) असते आणि टायटल वेगळ्या पानावर छापण्याची सेटिंग तयारच मिळते. तिथे मात्र एक अडचण हमखास येते. मुखपृष्ठाला स्वतःची क्वेरी (डेटा मागवणारी आज्ञा) नसते आणि डेटा नसलेल्या अहवालाचे एकही पान काढायचे नाही, हा जॅस्परचा मूळ नियम आहे. त्यामुळे सगळे नीट जोडूनही पान येत नाही. सबरिपोर्टला एक ओळ पुरवणारा रिकामा डेटासोर्स (डेटाचा स्रोत) दिला की ते येते.

मुखपृष्ठाला क्वेरी नसावीच, असे माझे ठाम मत आहे. त्याला लागणारी प्रत्येक गोष्ट मुख्य अहवालाने पॅरामीटरमधून, म्हणजे अहवाल चालवताना पुरवलेल्या किमतींतून, द्यावी : शीर्षक, उपशीर्षक, कालावधी, निवडलेले विभाग, गोपनीयतेचा दर्जा आणि तयार झाल्याची वेळ. वाचणारा आकड्यांवर विश्वास ठेवायचा की नाही, हे याच पानावरून ठरवतो, त्यामुळे इथे हाताने टाइप केलेले काहीही असू नये. वापरणाऱ्याने विभाग निवडलाच नसेल तर ती जागा कोरी न सोडता 'सर्व विभाग' असे स्पष्ट लिहावे. कोरी जागा पाहून काही राहून गेले आहे की सगळेच घेतले आहे, हे कळत नाही. उलट, खूप विभाग निवडले तर त्यांची नावे स्वल्पविराम देऊन जोडल्यावर मजकूर दुसऱ्या पानावर उतरतो. तेव्हा '40 पैकी 12 विभाग' एवढेच लिहावे आणि पूर्ण यादी अहवालाच्या शेवटी द्यावी. वेळेच्या बाबतीतही तितकीच काळजी हवी. अहवाल सकाळी काढला आणि त्यातला डेटा आदल्या रात्रीपर्यंतचा असेल, तर 'अहवाल तयार केल्याची वेळ' आणि 'डेटा या वेळेपर्यंतचा' अशा दोन वेगळ्या ओळी असाव्यात. ही दुसरी ओळ फार थोड्या मुखपृष्ठांवर दिसते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मुखपृष्ठामागोमाग एक कोरे पान येते, ही तक्रारही नेहमीची आहे. बहुतेक वेळा दोष रुंदीचा असतो. ए4 कागद 210 मिलिमीटर रुंद असतो. दोन्ही बाजूंना 15 मिलिमीटर समास सोडले तर मजकुराला 180 मिलिमीटर उरतात. मुखपृष्ठावरची सजावटीची पट्टी 190 मिलिमीटरपर्यंत ओढली, तर रिपोर्टिंग सर्व्हिसेसमध्ये उरलेल्या 10 मिलिमीटरसाठी पीडीएफमध्ये नवे पान निघते. सबरिपोर्टचा आकार मुख्य अहवालाच्या बॉडीत मावला पाहिजे. आडव्या अहवालांसाठी मुखपृष्ठाची आडवी आवृत्तीही करून ठेवावी लागते, कारण तिथे एका अहवालाला एकच पेज साइज मिळतो. सबरिपोर्टचे स्वतःचे हेडर-फुटरही तिथे छापले जात नाहीत, तेव्हा तळाची सूचना त्याच्या बॉडीतच लिहावी. पृष्ठ क्रमांक मुखपृष्ठावर नसावा आणि मजकुराचे पहिले पान 1 असावे. त्यासाठी मुख्य अहवालाचे हेडर आणि फुटर पहिल्या पानावर बंद करून पेज ब्रेकलाच क्रमांक पुन्हा सुरू करण्याची सेटिंग द्यावी.

एक्सेलमध्ये मात्र मुखपृष्ठ कोणालाच नको असते. पेज ब्रेकमुळे तिथे ते स्वतंत्र पहिली शीट होऊन बसते आणि फाइल थेट दुसऱ्या प्रणालीत घेणाऱ्याचे काम अडते. रिपोर्टिंग सर्व्हिसेसमध्ये अहवाल कोणत्या फॉरमॅटमध्ये निघत आहे हे एक्स्प्रेशनमध्ये (सूत्रात) तपासता येते. त्यावरून एक्सेलसाठी ते रेक्टँगल लपवावे आणि पेज ब्रेकही बंद करावा. सीएसव्हीसाठी (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या डेटा-फाइलसाठी) त्याचे 'डेटा एलिमेंट आउटपुट' हे सेटिंग बंद ठेवावे.

आता एका जागी ठेवण्याची जोखीम. मुखपृष्ठात नवा पॅरामीटर वाढवला आणि त्याला डीफॉल्ट (काही न पाठवल्यास आपोआप लागू होणारी) किंमत दिली नाही, तर तो न पाठवणारे जुने अहवाल त्याच क्षणी त्या जागी एरर दाखवू लागतात. म्हणून नवा पॅरामीटर रिकामी किंमत स्वीकारणारा असावा आणि त्याला डीफॉल्ट असावाच; जुन्या पॅरामीटरचे नाव तर कधीही बदलू नये. बदल आधी चाचणीच्या फोल्डरमध्ये एका उभ्या आणि एका आडव्या अहवालावर चालवून पाहावा आणि मगच मूळ जागी ठेवावा. मागच्या वर्षीचा अहवाल आज पुन्हा काढला तर त्यावर आजचे मुखपृष्ठ येते, हेही सगळ्यांना आधी सांगून ठेवावे. ज्या अहवालांवर सह्या झाल्या आहेत, त्यांच्या पीडीएफ प्रती त्याच दिवशी वेगळ्या जतन कराव्यात.