चीनला निघताय, तर आधी कोंग यिजीला भेटा

‘चीनला जायचं ठरलंय. निघण्याआधी काय वाचू, कुठले पिक्चर बघू?’ वर्षातून पाच-सहा जण तरी मला हे विचारतात. कारण उघड आहे. आमचा कापडाचा धंदा, आणि त्यासाठी इचलकरंजीहून चीनमधल्या शाओशिंगला माझ्या खेपा होतात. परवा आमच्या गल्लीतल्या काकूंनी विचारलं. बीजिंग, शिआन, शांघाय अशी त्यांची सहल आहे आणि निघायला तीन आठवडे आहेत. त्यांना जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितो.

सगळा चीन एका पुस्तकात सांगणाऱ्या जाडजूड ग्रंथाच्या नादी लागू नका. पहिल्या खेपेला मी तेच केलं होतं. विमान उतरेपर्यंत राजघराणी पाठ झाली, पण मार्केटमध्ये समोर ताका उलगडून बसलेल्या माणसाला समजून घ्यायला त्यातलं काही उपयोगी पडलं नाही. ज्या गावी जाणार त्या गावची एक गोष्ट वाचा. एकच, पण नीट.

माझ्यासाठी ती गोष्ट होती लू शुन यांची ‘कोंग यिजी’. १९१९ साली छापून आलेली, जेमतेम सहा-सात पानांची. लू शुन शाओशिंगचेच. गोष्ट सांगतो तो गुत्त्यात दारू ऊन करून द्यायच्या कामाला लागलेला बारा वर्षांचा पोरगा. गुत्त्यात आखूड बंडीवाले कष्टकरी गल्ल्यापाशी उभ्यानं पितात आणि लांब झग्यातले प्रतिष्ठित आत जाऊन बसून पितात. लांब झगा घालून उभ्यानं पिणारा माणूस एकटा कोंग यिजी. झगा मळलेला, फाटलेला. आयुष्यभर शिकला, पण परीक्षा कधी पास झाला नाही. पुस्तकं चोरतो, मार खातो, लोक हसतात. शेजारची पोरं भोवती जमली की बशीतला एकेक दाणा त्यांच्या हातावर ठेवतो. दाणा खाऊनही पोरं हलत नाहीत, नजर बशीवरच. मग तो घाबरून पंजा पसरतो, बशी झाकतो आणि म्हणतो, फार नाहीत आता, फार उरले नाहीत.

त्या ओळीशी मी थांबलो होतो. आजही थांबतो.

श्येनहंग नावाचा तो गुत्ता शाओशिंगमध्ये आज आहे. दाराशी कोंग यिजीचा पुतळा आहे आणि आत तेच दाणे मिळतात. बडीशेपेच्या वासाचे, मसाल्यात शिजवून वाळवलेले, पावट्यासारखे चपटे पण मोठे, चावायला चिवट. सोबत तांदळाची पिवळसर दारू. मी पीत नाही, म्हणून दाणे घेऊन बसलो होतो. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांना मी मोडक्या उच्चारात ‘कोंग यिजी’ म्हटलं. त्यांनी लगेच आपल्या बशीवर पंजा पसरला, ‘बू दुओ ये’, म्हणजे ‘फार नाहीत’, म्हणाले आणि हसत ती बशी माझ्याकडे सरकवली. ही गोष्ट तिथं शाळेच्या पुस्तकातून घराघरांत गेलेली आहे.

आणि ती जुनीही झालेली नाही. राजवटीच्या नोकरीसाठीच्या त्या परीक्षा १९०५ साली बंद झाल्या, पण २०२३ मध्ये चीनमधली पदवीधर पोरं इंटरनेटवर स्वतःलाच कोंग यिजी म्हणवून घेत होती. शिक्षणाचा झगा अंगावरून उतरवता येत नाही आणि त्याच्या तोलाची नोकरी मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये वयाची तिशी गाठलेली आपली पोरं ज्यानं पाहिली आहेत, त्याला यातला शब्द न् शब्द कळेल.

बीजिंगसाठी लाओ शे. त्यांची ‘श्यांगझ’ ही कादंबरी १९३६-३७ मध्ये क्रमशः आली. हातरिक्षा ओढणारा तरुण तीन वर्षं पै-पै जमवून स्वतःची गाडी घेतो आणि सैनिक ती हिसकावून नेतात. तिथून पुढं तो जितक्यांदा उभा राहतो तितक्यांदा पडतो. माथेरानला हातरिक्षा ओढणाऱ्याची पाठ तुम्ही पाहिली असेल, तर तीच डोळ्यांसमोर येईल. एक काळजी घ्या. १९४५ साली अमेरिकेत निघालेल्या इंग्रजी भाषांतरात लेखकाला न विचारता शेवट गोड करून टाकला आहे. ते टाळून नंतरचं कुठलंही घ्या. ही कादंबरी वाचून बीजिंगच्या जुन्या गल्ल्यांत, म्हणजे हूथोंगमध्ये शिरलात, तर पर्यटकांना फिरवणाऱ्या रिक्षावाल्याशी घासाघीस करताना जीभ जड होते.

बीजिंगचा ऑपेरा बघणार असाल तर आधी छन खायग यांचा ‘फेअरवेल माय कॉन्क्युबाइन’ बघा. १९९३ चा, कान चित्रपट महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालेला. सुरुवातीला पोरांना मारून-मुटकून नट बनवतात तो भाग बघवत नाही. तरीही बघा. रंगमंचावरचं एकेक बोट एवढं नेमकं कसं वळतं, ते त्याशिवाय कळणार नाही. यांगत्से नदीवरच्या बोटीनं जाणाऱ्यांनी दिग्दर्शक ज्या झांगख यांचा ‘स्टिल लाइफ’ (२००६) बघावा. तिथल्या थ्री गॉर्जेस धरणापायी तेरा लाखांच्या आसपास माणसं उठली, आणि बोट ज्या पाण्यावरून जाते त्याखाली त्यांची घरं आहेत. हवेत उडत मारामारी करणारे पिक्चर मजेसाठी जरूर बघा. माणसं कळायला त्यांचा फारसा उपयोग नाही.

आपल्याकडचाही एक पिक्चर या यादीत हवाच. व्ही. शांताराम यांचा १९४६ चा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’. सोलापूरचे द्वारकानाथ कोटनीस १९३८ च्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथंच वारले. वय अवघं ३२. तिथले लोक त्यांना ‘ख दीह्वा’ म्हणून ओळखतात. त्यांची समाधी शीज्याच्वांगला आहे. बीजिंगहून वेगवान गाडीनं सव्वा-दीड तासाचा रस्ता. काकूंना म्हटलं, बीजिंगमधली खरेदी एक दिवस कमी करा आणि तिथं जाऊन या.

राहिलं शिआन. मातीच्या सैनिकांसाठी सगळेच जातात. पण ६५२ साली बांधलेला मोठा हंस पॅगोडा चुकवू नका. ह्युएन त्संगानं भारतातून नेलेल्या ६५७ ग्रंथांसाठी तो उभा राहिला. त्याच्या प्रवासावरून सोळाव्या शतकात माकडवीर सुन वुखोंगची ‘जर्नी टू द वेस्ट’ ही अफाट कादंबरी झाली, आणि तिच्यावरची १९८६ ची मालिका चिनी पोरं आजही सुट्टीत बघतात. आपल्याकडं रामायण होतं तसं. कादंबरी शंभर प्रकरणांची आहे. तीन आठवड्यांत होणार नाही, तेव्हा त्यातली माकडाच्या बंडाची सुरुवातीची सात प्रकरणं वाचा. आणि ह्युएन त्संगाच्या प्रवासवर्णनातलं आपल्या महाराष्ट्रावरचं एक प्रकरण. चालुक्य राजा पुलकेशीच्या काळात तो आपल्याकडं येऊन गेला. इथली माणसं उंच, सरळ, उपकार न विसरणारी आणि अपमानाचा बदला घेतल्याशिवाय न राहणारी, असं त्यानं लिहून ठेवलंय. महाराष्ट्राचं नाव त्यानं चिनी उच्चारात लिहिलं, ‘मो-ह-ला-छा’. पॅगोड्यासमोर त्याचा पुतळा आहे. तिथं गाइडनं कुठून आलात विचारलं, की काकू, तेच नाव सांगा.