ग्लुकोज बिस्किटावरचे हायकू: आषाढापर्यंतची प्रगती

चंद्र, वाळलेलं पान, फुलपाखरू आणि पहिला पाऊस यांच्यावर आपण हायकू लिहिणाऱ्या सगळ्यांनी (हायकू म्हणजे जपानी वळणाची तीन ओळींची कविता) पुरेसं लिहिलंय. त्यामुळे उन्हाळ्यात ठरवलं की आता एकच विषय धरायचा आणि तो आटेपर्यंत सोडायचा नाही. विषय: पाच रुपयांचा ग्लुकोज बिस्किटांचा पुडा.

कल्पना माझी नाही. अमेरिकेत स्पॅम नावाचं डबाबंद मांस मिळतं. मिनेसोटातल्या हॉर्मेल कंपनीने ते १९३७ मध्ये बाजारात आणलं. १९९५ च्या सुमारास तिथल्या एमआयटी या विद्यापीठातल्या जॉन चो यांनी त्याच्यावरचे इंग्रजी हायकू गोळा करायला सुरुवात केली आणि लोकांनी ते हजारोंनी लिहून पाठवले. पानगळीबद्दल बोलावं तशा गंभीर आवाजात डब्यातल्या गुलाबी मांसाबद्दल आणि त्याभोवतीच्या जेलीबद्दल बोलायचं, हा त्यातला मुख्य खेळ. पाचदहा वाचेपर्यंत हसू येतं. मग लक्षात येतं की विनोद एकच आहे, फक्त शब्द बदलतायत.

आपल्याकडे तो खेळ तसाही चालणार नाही. स्पॅमची तिकडे आधीपासून थट्टा होत आलीय. ग्लुकोज बिस्किटाची थट्टा कोण करणार? तापात तेच, परीक्षेच्या रात्री तेच, एसटी स्टँडवर तेच आणि दारातल्या कुत्र्यालाही तेच. म्हणजे हसू काढायचं तर बिस्किटाला हसून नाही, त्याच्या आसपास जे घडतं ते नीट बघून.

मोजणी

कवयित्री शिरीष पै यांनी मराठीत हायकू रुजवला तेव्हापासून आपण अक्षरं मोजतोय, पाच-सात-पाच. जोडाक्षर एक धरायचं, शेवटचा अकारान्त वर्ण उच्चारात हलन्त झाला तरी तो मोजायचा. या हिशेबाने ‘बिस्किट’ तीन अक्षरांचं. तोंडाने म्हणून बघा, दोनच ठोके पडतात. जपानीत मात्र त्याच बिस्किटाचे पाच ‘ओन’ (तिकडचे मोजायचे ध्वनी) होतात, म्हणजे तिकडच्या कवीची पहिली ओळ नुसत्या नावातच भरते. बाकीच्या दोन ओळींत त्याने चहा कुठे ठेवायचा, हा त्याचा प्रश्न.

मी अक्षरंच मोजतेय. ठोके मोजणारी मंडळी आहेत आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, पण एका विषयावर सलग काम करताना मोजपट्टी मध्येच बदलली तर कुठली ओळ खरंच आवळली गेलीय आणि कुठली उगाच लांबलीय ते कळत नाही.

सेनर्यू म्हणा हवं तर

काटेकोरपणे पाहिलं तर यातले बरेचसे हायकू नाहीत, सेनर्यू आहेत. रचना तीच, पण ऋतुशब्दाची सक्ती नाही आणि नजर निसर्गाऐवजी माणसाच्या वागण्यावर. ज्यांच्यावरून हे नाव पडलं ते काराई सेनर्यू (१७१८–१७९०) लिहिण्यापेक्षा निवडण्यासाठी प्रसिद्ध होते. लोकांनी स्पर्धेला पाठवलेल्या ओळींतून ते वेचून काढत आणि १७६५ पासून त्यांचे संग्रह निघू लागले. ती परंपरा अजून धडधाकट आहे. एका जपानी विमा कंपनीने १९८७ मध्ये नोकरदारांसाठी सेनर्यूची स्पर्धा सुरू केली. इतो एन ही चहाची कंपनी १९८९ पासून हायकूंची स्पर्धा घेते आणि निवडलेले हायकू बाटलीबंद चहाच्या बाटलीवर छापते. आपल्या बिस्किटाच्या पुड्याच्या मागच्या बाजूला जागा आहे, एवढंच सुचवून ठेवते.

ऋतू शक्य तिथे आणायचा, नाही आला तर ओढून आणायचा नाही, असं मी माझ्यापुरतं ठरवलंय.

पडझड

चहात बिस्किट पडणं टाळून या विषयावर लिहिताच येत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच. आधी मुद्दाम वात्रटिकेच्या अंगाने लिहून पाहिलं, कारण आपला हात पहिल्यांदा तिकडेच जातो:

चहात उडी
बिस्किटाने घेतली
प्रेमात बुडी

अक्षरं बरोबर, यमक खणखणीत, संमेलनात टाळी पक्की. आणि तरीही बिस्किट दिसत नाही. दिसतो तो कवी, ‘कसं जमवलं!’ असा चेहरा करून उभा. चारोळी आणि वात्रटिकेने आपल्याला शेवटच्या ओळीत टोला हाणायची सवय लावलीय. हायकूत टोला हाणला की वाचणाऱ्याला करण्यासारखं काही उरत नाही. मराठी हायकूत यमक पुष्कळदा येतं आणि छानही वाटतं, पण विनोदी हायकूत ते धोक्याचं. यमक जुळलं की टोला आपोआप बसतो.

मग पडणंच काढून टाकलं:

फोन वाजला
बोटांत उरलं ते
अर्धं बिस्किट

हा मला आतापर्यंतचा सगळ्यात बरा वाटतो. चहा नाही, बुडणं नाही, ‘अरेरे’ नाही. पहिल्या आणि दुसऱ्या ओळीच्या मधे जे झालं ते प्रत्येकाच्या कपात कधी ना कधी झालेलं आहे. जपानी हायकूत कापणारा शब्द असतो, किरेजी. आपल्याकडे तसा अव्यय नाही, ते काम ओळ मोडण्यावर टाकावं लागतं. इथे ती जागा फुकटात मिळाली, कारण बिस्किटसुद्धा तिथेच तुटतं. (जपानी कवी बाशोच्या प्रसिद्ध हायकूत बेडूक तळ्यात उडी मारतो, त्याला निदान पाण्याचा आवाज तरी होता. ग्लुकोज बिस्किट पडतं ते बिनआवाजी.)

ते का तुटतं हे समजून घेतलं, तर लिहायला फार मदत झाली. बिस्किट म्हणजे साखरेने आणि चरबीने बांधलेली, बारीक पोकळ्यांनी भरलेली पिठाची भिंत. चहा त्या पोकळ्यांतून केशाकर्षणाने वर चढतो. साखर विरघळते, पिठूळ कण फुगतात आणि भिंतीला धरून ठेवणारं काही राहत नाही. सच्छिद्र वस्तूत द्रव किती वेळात किती आत शिरतो याचं समीकरण वॉशबर्न यांनी १९२१ मध्ये मांडलं होतं. लेन फिशर या शास्त्रज्ञाने ते बिस्किटाला लावलं आणि १९९९ चा भौतिकशास्त्राचा इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार, त्या कामासाठी मिळवला. गरम चहा जास्त पातळ, म्हणून तो लवकर चढतो. निवलेल्या चहात आपण बेफिकीर असतो ते उगाच नाही.

फिशर यांचा सल्ला असा की बिस्किट उभं न बुडवता शक्य तितकं आडवं बुडवायचं. खालची बाजू भिजते, वरची कोरडी राहते आणि ती बाकीचं पेलून धरते. सल्ला उत्तम, पण कटिंगच्या ग्लासात आयताकृती बिस्किट आडवं करून दाखवा. ग्लासाचं तोंडच तेवढं नसतं. आडवं बुडवायला पसरट भांडं लागतं, आणि ते आपल्या घरांत इग नोबेलच्या कितीतरी आधीपासून आहे:

बशीत चहा
आजोबांचं बिस्किट
बुडालं नाही

यात तिसरी ओळ नकारावर संपते, ते मला आवडलं. काहीच झालं नाही, हीच बातमी. पण ज्यांच्या घरात बशीतून चहा पिणारं कुणी नव्हतं त्यांना हा कळत नाही, असं दोघांनी सांगितलं. त्यांच्यासाठी बदलणार नाही.

आषाढ

पाऊस लागला आणि ऋतुशब्दाचा प्रश्न मिटला. डबा कितीही घट्ट लावा, उघडलेल्या पुड्यातली बिस्किटं सादळतातच. भट्टीतून निघताना त्यांच्यात पाणी नावापुरतंच असतं, त्यामुळे हवेतला ओलावा ती भराभर ओढून घेतात. वास तोच, चव जवळपास तीच, फक्त ‘कट्’ जातो.

आषाढ आला
बिस्किट मोडताना
आवाज नाही

यावर हसू येतं का, असा रास्त आक्षेप आला. मला येतं, थोडं उशिरा. पण विनोदी म्हणून वाचायला दिला तर लोक पुढे काहीतरी होईल म्हणून थांबतात आणि काहीच होत नाही. त्यामुळे हा वहीत वेगळ्या पानावर ठेवलाय.

त्याच महिन्यातला दुसरा मात्र लगेच पोचतो:

एकादशीला
पुड्यावरली पोर
बघते मला

पुड्यावरची पोर

तिच्याबद्दलही दोन शब्द. ती कोण, यावर वर्षानुवर्षं गप्पा रंगतात, कुणी नागपूरचं नाव घेतं, कुणी आणखी कुणाचं. खरं म्हणजे ते चित्र आहे, १९६० च्या दशकात जाहिरात संस्थेतल्या चित्रकाराने काढलेलं. म्हणून ती मोठी होत नाही. मैदा, साखर, तेल महागत गेलं आणि लोकांना पुडा पाचालाच हवा असतो, मग किंमत धरून ठेवायची तर वजनच उतरतं. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मला आणखी काही करावं लागलं नाही:

पाचाचा पुडा
मुलगी तेवढीच
बिस्किटं कमी

‘मुलगी’च्या जागी आधी ‘पोरगी’ होतं. अक्षरं तीच, पण सूर उगाच दांडगा होत होता. इथे तक्रारीचा आवाज अजिबात नको, दुकानात उभं राहून नुसतं बघितल्यासारखं हवं. वर एकादशीच्या हायकूत ‘पोर’ चाललं, कारण तिथे ती घरातलीच झालीय.

एक अडलेला आहे. विलेपार्ल्याचा कारखाना. पार्ले कंपनीची सुरुवात तिथे १९२९ ची, बिस्किटं १९३९ पासून. लोकल पार्ल्याला आली की भाजत्या बिस्किटांचा वास डब्यात शिरायचा आणि पेपरमधून डोकं वर न काढता लोकांना स्टेशन कळायचं. २०१६ मध्ये तिथलं उत्पादन थांबलं.

पार्ले स्टेशन
जुन्या प्रवाशांनीच
श्वास ओढला

मुंबईकराला लगेच कळतो. जळगावच्या मैत्रिणीला वाचून दाखवला तर तिने विचारलं, “गटार आहे का तिथे?” तिचं वाचन पूर्णपणे कायदेशीर आहे आणि खरं सांगायचं तर माझ्या मूळ हायकूपेक्षा जास्त विनोदी. ओळींत ‘बिस्किट’ आणलं तर वास बसतो, पण ‘जुन्या’ बाहेर जातो, आणि तोच शब्द कारखाना बंद झाल्याचं सांगतो. मालिकेत हा बाकीच्या बिस्किटांच्या मधे ठेवला तर चालून जाईल. एकटा उभा राहणार नाही.

पुढे

ग्लुकोज अजून संपलेलं नाही. मारीकडे वळा असा आग्रह होतोय, पण मारी गोल आणि शहाणी, तिच्यात भांडण नाही. मला खारी खुणावतेय. बेकरीतली, पापुद्र्यांची, चहात घातली तर फुगणारी आणि कोरडी खाल्ली तर कपड्यांवर जाणारी. पहिला कच्चा खर्डा:

खारी संपली
शर्टावर अजून
तेवढीच ती

तिसऱ्या ओळीत ‘ती’ फक्त अक्षर भरायला आल्यासारखी वाटते. ‘अख्खीच आहे’ हा दुसरा पर्याय आहे, मोजणीत तोही बसतो, पण त्यात अतिशयोक्ती डोकं वर काढते. श्रावण संपेपर्यंत दोन्ही शेजारी लिहून ठेवणार आहे. तोवर कुणाला पाच अक्षरांत तिसरा सुचला तर सांगा, फक्त यमक नको.